देवीमास्तरांची पाहुणी

देवीमास्तर वाडीत शिरले की वाडीतली पोरं नाहीशी व्हायची. बातमी त्यांच्या आधी धावायची आणि ते पोहोचेपर्यंत अंगणात एक नागडं पोर दिसायचं नाही. कुणाला कणगीत कोंबलेलं, कुणाला गवताच्या गंजीत, कुणी आजीच्या लुगड्यामागं. मास्तर शाळेतले नव्हेत, देवी टोचण्याच्या सरकारी कामावरचे. पण शर्टावर कोट घालणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायची आमच्याकडे रीतच होती. खांद्याला टोचणीची पेटी, पायात जाडजूड वहाणा, आणि कर्जत-खालापूरच्या वाड्या तुडवायच्या. ते कधी आरडाओरडा करत नसत. ओसरीवर बसायचे, पाणी मागायचे आणि पाणी पिता पिता म्हणायचे, "बाई, तुमची कणगी शिंकते आहे." मग पोर बाहेर निघायचं, आई शिव्या मोजायची, आणि मास्तर पोराचा दंड धरून ठरलेलं वाक्य बोलायचे, "माझ्यापासून लपवाल हो, देवीपासून कुठं लपवाल?"

असा हा माणूस स्वतःच्या बिऱ्हाडात वर्षभर एक मांजर लपवून बसला होता, आणि मी त्याला सामील होते. आजवर मी हे कुणापाशी बोलले नाही. आता रागवायला मागे कुणी उरलेलं नाही, आणि मलाही ते पोटात ठेवून कंटाळा आलाय.

लग्न होऊन मी कर्जतला आले तेव्हा मला सोळावं लागलं होतं. आमचे हे स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून. भाताचे व्यापारी असलेल्या एका शेटच्या घरात आम्ही भाड्यानं राहायचो. पुढे शेटचं बिऱ्हाड, मधे भाताची कोठी, आणि मागच्या पडवीला कुडाच्या भिंती घालून केलेल्या चार खोल्या. शेवटची आमची, तिच्या अलीकडची मास्तरांची. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या आणि शेण; पलीकडे भांडं ठेवलं तरी अलीकडे कळायचं. नवराबायकोनं भांडायचं तरी कसं, याची मला पहिल्या वर्षी मोठी पंचाईत पडली होती.

खोली देताना शेटनं सगळ्यांना एकच बजावलं होतं. "कुत्रं नाय, कोंबडं नाय, आनी माजर तर आजिबात नाय. दिसलं तर त्याच दिवशी बिऱ्हाड भाईर." भाताच्या व्यापाऱ्याला मांजर नको, हे ऐकून मला हसू आलं होतं. पण ती प्लेगची वर्षं होती. मांजर कुठलाही उंदीर तोंडात धरून घरात आणतं. घरात मेलेला उंदीर सापडला की कचेरीत कळवायचं, असा हुकूम होता. कळवलं की माणसं यायची, कौलं उतरवायची, जमीन उकरायची, चुना मारायची आणि घरातल्या सगळ्यांची रवानगी माळावरच्या झोपड्यांत. शेटची तर वर्षाची कमाई त्या कोठीत. तो माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. आम्ही सगळेच भ्यालेले होतो.

मास्तरांना बायकामुलं नव्हती. घरात फक्त त्यांची आई. ऐन तारुण्यात देवी येऊन तिचे दोन्ही डोळे गेले होते. मास्तर फिरतीवर गेले की तीन-तीन, चार-चार दिवस ती एकटी. सकाळी मी भाकरी नेऊन द्यायचे, तर दुपारी ती तशीच अर्धी पडलेली. बोलायची तर नाहीच. एक दिवस आढ्यावरून कुठूनसं एक करडं पिल्लू उतरलं आणि थेट तिच्या मांडीवर येऊन बसलं. मास्तरांनी ते उचलून लांब नाक्यापलीकडे सोडून दिलं. म्हातारी रडली नाही, रागावली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर कोटात काहीतरी लपेटून परत आलेले मी पाहिले.

त्या काळी परका पुरुष शेजारणीशी सरळ बोलत नसे. मास्तर आमच्या दाराबाहेर पाठ करून उभे राहिले आणि मोठ्यानं आपल्या आईला म्हणाले, "आई, शेजारच्या वहिनींना सांग, आपल्याकडे एक पाहुणी आली आहे. काही आवाज आला तर मनावर घेऊ नये म्हणावं."

"सांगते हो," म्हातारी आतून म्हणाली. तेवढ्यात पाहुणी ओरडली. मी तोंडाला पदर लावून हसले आणि करवंटीत दूध घेऊन गेले.

त्या दिवसापासून म्हातारी पोटभर जेवायला लागली. पाहुणीला घास द्यायचा म्हणून भाकरी मागून घ्यायची, मग स्वतःही खायची. बोलायलाही लागली, आणि बोलायला लागली ती थांबेना! भिंतीपलीकडून दिवसभर तिचं आणि मांजराचं चाललेलं असायचं. "अगं ए भवाने, पायात घुटमळू नकोस, पडले तर तुझा मास्तर मला टोचील." मास्तर फिरतीवरून आले की वहाणा काढायच्या आधी विचारायचे, "पाहुणी जेवली का?" आईचं विचारायला लाज वाटायची म्हणून मांजराचं विचारायचे, असं मला वाटतं.

दर सोमवारी सकाळी शेट काठी घेऊन चारही खोल्या फिरायचा. माळ्यावर काठी मारायचा, कोपऱ्यांत वास घ्यायचा. त्याची खाकरी ऐकू आली की म्हातारी मांजराला मांडीवर घेऊन वर गोधडी ओढायची. एका सोमवारी मी तिथंच भाकरी द्यायला गेलेले, आणि शेट दारात. गोधडीखालून घर्र घर्र सुरू झालं.

"आजी, कसला आवाज हाय ह्यो?"

"छातीत घरघर आहे रे बाबा. ये ना, हात लावून बघ."

शेट दोन पावलं मागं सरला. "ताप हाय का?"

इथं मात्र म्हातारी गडबडली. ताप आलेल्या माणसाला त्या दिवसांत कुणी विचारत नसे, प्लेग समजून उचलूनच नेत. शेट माझ्याकडे वळला. "वैनी, तुमी सांगा. ताप हाय?"

"नाही हो," मी म्हणाले. "रोजचीच घरघर आहे. रात्रंदिवस ऐकते मी."

शेट गेला. म्हातारीनं चाचपत माझा हात धरला. गोधडीखाली ती भवानी आरामात झोपलेली.

मग तो दिवस आला. गावात दोन घरं रिकामी केली होती, बाजार ओस. मास्तर तीन दिवस पळसदरीच्या बाजूला गेलेले. दुपारी मी तांदूळ निवडत होते. भिंतीपलीकडून हाक आली, "पोरी, ये गं जरा."

आवाज नेहमीचा नव्हता. मी धावले. म्हातारी हात वर धरून बसली होती. "पाहुणीनं मांडीवर काहीतरी आणून टाकलंय. गार लागतंय गं."

उंदीर होता. चांगला मोठा. मी चिमट्यानं उचलून सुपलीत घेतला. डोक्यात एकच विचार, परसातल्या शेवग्याखाली पुरायचा, वर राख टाकायची, झालं! मांजरानं उंदीर मारला, त्यात काय एवढं? दारापाशी आले तोच समोर वहाणा वाजल्या. मास्तर.

त्यांनी सुपलीत पाहिलं. पेटी खाली ठेवली. काडीनं उंदीर उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मी म्हणाले, "मांजरानं मारलाय. पुरून टाकते." मी त्यांच्याशी सरळ बोलले ती ही पहिलीच वेळ.

"दात कुठं लागलाय, दाखवा मला."

मी वाकून पाहिलं. कुठंही ओरखडा नव्हता, रक्ताचा थेंब नव्हता.

"तिनं मारलेला नाही," मास्तर म्हणाले. "तिला मेलेला सापडलाय. कोठीतून आणला असणार. वहिनी, तुम्ही हात लावलात?"

"चिमट्यानं धरला."

"आई?"

"मी लावला रे," म्हातारी म्हणाली. "मला काय माहीत काय ते."

मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. मला पाचवा महिना होता. त्यांनी आम्हा दोघींना कढत पाण्यानं हात धुवायला लावलं, पुन्हा पुन्हा, कोपरापर्यंत. मग उंबऱ्यावर बसले. मला भीतीनं राग आला. मी म्हणाले, "मास्तर, कळवलंत की मांजर उघडं पडेल, शेट बिऱ्हाड बाहेर काढील. आजींना घेऊन जाणार कुठं? सध्या परक्याला कुणी ओसरीवर टेकू देत नाही. एका उंदरापायी आंधळ्या आईला रस्त्यावर काढता? पुरते मी. कुणाला कळणार नाही."

ते सुपलीतल्या उंदराकडे बघत बसले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, ऐकतील. शेवटी म्हणाले, "वहिनी, चार बिऱ्हाडं आहेत, पुढे शेटची नातवंडं आहेत. मी गावोगाव बायांना काय सांगत फिरतो?"

म्हातारी आतून म्हणाली, "मांजराचं काय होईल रे?"

"माहीत नाही, आई."

ती म्हणाली, "मग जा. उन्हातून आलायस, पाणी पिऊन जा."

पाणी पिऊन मास्तर पुढच्या घरात गेले. मी परसात उभी राहून ऐकलं. त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, आम्ही मांजर पाळलं आहे, वर्ष झालं. त्यानं उंदीर आणला. तो आधीच मेलेला होता. मी कचेरीत कळवायला निघालोय. शेटचा आवाज साऱ्या आळीनं ऐकला. "माज्या पोटावर पाय दिलात तुमी! माज्या घरात राहून!" मग मास्तरांच्या वहाणा कचेरीच्या दिशेनं वाजत गेल्या.

संध्याकाळपर्यंत कौलं उतरली. कोठीतली पोती हलवली तर खाली उंदीर मरून पडलेले. आम्ही सगळे माळावरच्या झोपड्यांत गेलो, मांजरही म्हातारीच्या गोधडीतून. तिथं तीन आठवडे लोकांनी मास्तरांना काय काय म्हटलं! आमचे हेसुद्धा म्हणाले, "त्या मांजरवाल्यानं पार देशोधडीला लावलं." मी चुलीत फुंकर मारत बसायचे. म्हातारीला ताप येतो का, हे मास्तर दिवसातून दहा वेळा कपाळाला हात लावून बघायचे, आणि मला लांबून विचारायचे, "वहिनी, बरं आहे ना?" ताप आला नाही, तिलाही नाही, मलाही नाही. आमच्या मागच्या आळीत एकानं उंदीर गुपचूप पुरले होते. त्या घरातली तीन माणसं गेली. आमच्या घरातलं एकही गेलं नाही.

परत यायच्या दिवशी शेट ओट्यावर उभा होता. सगळ्यांना आत घेतलं, मास्तरांना थांबवलं. "तुमी सांगितलंत म्हून माजी नातवंडं वाचली. त्ये मी मानतो. पन माजर लपवलंत, त्ये बी खरं हाय. मी बोललो व्हतो, बिऱ्हाड भाईर."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

"आनी कुनाला ठावं व्हतं?"

"मला आणि आईला."

शेटनं माझ्याकडे पाहिलं. "वैनी, तुमी भिंतीपल्याड. तुमाला कदी ऐकाय आलं नाय?"

पोटात पोर होतं, पाठीमागे हे उभे होते, आणि त्या गावात दुसरी खोली मिळणार नव्हती. मी मान हलवली. नाही.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना चौक गावाच्या पुढे कुठल्याशा वाडीत गोठ्याची पडवी मिळाली, असं मागाहून कळलं. मी त्याच खोलीत पुढे बावीस वर्षं राहिले. माझी चारही मुलं तिथं झाली, आणि मास्तरांच्या त्या वाडीला मी एकदाही गेले नाही.

त्याच दिवशी गाडी दाराशी आली. म्हातारीला वर बसवलं. मांजर आता उघड्यावर तिच्या मांडीत होतं, आणि सगळी आळी ते बघायला जमली होती. बैल हलले तशी तिनं आमच्या खोलीच्या दिशेनं तोंड वळवलं.

"पोरी, येते गं."

शेट ओट्यावरून माझ्याकडे बघत होता.

"पोरी? आहेस ना गं तिथं?"

मी नुसता हात हलवला. त्या आंधळ्या बाईला मी हात हलवून निरोप दिला, आणि गाडी वळेपर्यंत ती तोंड तसंच वळवून माझ्या आवाजाची वाट बघत होती.