कणी हरवलेला शेजारी

अमेरिकेत सांता क्लाराला मी मुलाकडे राहतो. तिथला आमचा शेजारी नागपूरकडचा इंजिनियर आहे. एक कान हेडफोनात आणि दुसरा माझ्याकडे, असाच तो बोलतो. रविवारी डोंगरात जाऊन सोन्याचे खडे शोधतो. त्यासाठी जमिनीतला धातू लागला की ओरडणारी दोन मशीनं आणलीत, आणि त्यातलं बरं कोणतं ते सहा महिने ठरवतोय.

"काका, हे डीप जातं, पण छोटं पीस मिस करतं. ते छोटं पकडतं, पण खिळ्यालाही ओरडतं."

सगळं वहीत इंग्रजीत लिहितो.

परवा त्याने मशीनांची परीक्षा घ्यायला आपली पहिली सापडलेली सोन्याची कणी परसात पुरली. तांदळाच्या कणीएवढी ती, कशात गुंडाळलीही नाही. मग सापडेना. एक मशीन गप्प, दुसरं कुंपणाच्या खिळ्यांपाशी बोंबलतंय. त्याचा चेहरा उतरला.

"गेली काका. पहिली होती ना ती."

"सरक बाजूला," मी म्हटलं.

मी चौथी नापास, पण जन्मभर सराफांच्या दुकानांतला केर धुवून सोनं काढलंय. कणी पुरली होती तिथली माती खरवडून सुनेच्या परातीत घेतली आणि नळाखाली हलवत बसलो. माती वाहून गेली. सोनं जड, ते तळाशी राहिलं.

त्याने वहीत दोन मशीनांच्या खाली एक ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे धरली. तेवढी ओळ मराठीत होती, मोठ्या अक्षरांत: काकांची परात, पहिला नंबर.

मी सावकाश वाचली.

"परात सुनेची आहे," म्हटलं, "घासून दे."