सदरा वर कर!

सुंदरअक्कापुढे बाळ नेलं की ती नाव विचारायची नाही. आधी झबलं वर करून पोट बघायची, कोरं दिसलं की मगच मुका घ्यायची. मोठ्यांनाही सोडायची नाही. यावलच्या बाजारात भर गर्दीत तिनं माझा सदरा वर केला. माझ्या पोटावर लहानपणी दिलेले विळ्याचे पाच डाग. अक्का म्हणाली, "तुना बापनी तुले भाकर समजीसन भाजं का रे?" बाजार हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार!

आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला लेकराचं पोट फुगलं की विळा तापवून डाग द्यायचे. अक्काचा पहिला पोरगा तो डाग चिघळूनच गेला. तेव्हा ती गप्प बसली होती. नंतर कधी बसली नाही.

मागे बातमी आली, लेकरांना डाग देण्यावर सरकार बंदीचा कायदा आणणार. ग्रामसभेत ग्रामसेवकानं विचारलं, "कोणाचा विरोध?" पहिला हात माझा. शाळेत कधी गेलो नाही, हात वर करायची हौस राहून गेली होती. म्हटलं, "मला पाच डाग दिले, मी मेलो का?"

"मेला नही, पन शहाना बी नही झाला!" अक्का उठली अन तडक माझ्या घरी गेली; घर लागूनच, लेकराचं रडणं सभेपर्यंत येत होतं. घरी माझी सहा महिन्यांची पोर पोट फुगून रडत होती, अन माझ्या आईनं चुलीत विळा घातला होता. अक्का तोच लाल विळा घेऊन सभेत परत आली.

"ज्याना हात वर, त्यानी सदरा वर करा! पहिले तुम्हले, मंग पोरले."

सगळे हात खाली. माझा तेवढा वरच राहिला, खाली घ्यायचं सुचलंच नाही. विळा अजून हातभर लांब होता, तोच मी बोंब ठोकून सरपंचांच्या मांडीवर पडलो.

"लागना बी नही, तं इतला बोंबलना? अन ती तं सहा महिनानी शे!"

तसाच उठलो, पोरीला घेऊन जीपनं यावलच्या दवाखान्यात गेलो. पोर बरी झाली. गावानं मात्र अक्काला लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं. ती न बोलावता यायची अन नवरदेवाचाही सदरा वर करायची. कोणी चिडून म्हटलं, "अक्का, कायदा अजून आला नाही!" तर म्हणायची, "येई तवय येई. तोवर मी शे ना!"

औंदा अक्का गेली. परवा शेजारच्या चुलीत पुन्हा विळा तापला. मी त्यांच्या दारात आडवा उभा राहिलो, सदरा वर केला. म्हटलं, "पहिले इथं."

 शेजाऱ्यानं शिव्या दिल्या, त्याच्या बापानं दिल्या, माझ्या आईनंही दिल्या. विळा गार झाला, तरी मी सदरा खाली केला नाही.