शीतलची धूळ

टेम्पोत गॅसची शेगडी, ज्वारीचं पोतं, गाद्या आणि माझी ट्रंक चढवून झाली, तेव्हा माझी धाकटी जाऊ काशी दारात उभी राहून रडत होती. मी रडले नाही. टेम्पोवाल्याला घाई होती आणि सामान अजून बांधायचं होतं. माझा मुलगा दत्ता दोरी आवळत होता. वर न बघताच तो म्हणाला, "आई, दोन वर्सं. परीक्षा झाली की दोघी माघारी. पोरीची सोयरीक थांबवून धरलीया मी." त्याची मुलगी शीतल आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती.

काशी, तू सारखी विचारतेस, आक्का, तुझं तिकडं कसं चाललंय. फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तूच बोलतेस. म्हणून लिहिते आहे. माझ्यासारख्या ज्या बायका नातवंडांच्या शिक्षणापायी म्हातारपणी शहरात स्वयंपाकाला आल्या, त्यांनी वाचलं तरी चालेल.

शीतलला विद्यापीठात शाश्वत ऊर्जा या विषयाला प्रवेश मिळाला होता. दत्ताला मुलगी एकटी ठेवायची नव्हती. माझ्यावाचून गावाकडचं घर अडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मला पाठवलं.

जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरी कुणीतरी लागतंच. वरच्या मजल्यावरची बाई अक्कलकोटकडची आहे. जिन्यात भेटली की "ऊट आयता?" म्हणून, जेवलात का असं कानडीत विचारते, मी "झालं की" म्हणते. तेवढ्यावर आमची चांगली ओळख आहे. गावात दार दिवसभर उघडं, कोण येऊन काय बघून जाईल सांगता यायचं नाही. इथं दार लावून घेता येतं. मला ते आवडलं. तुला वाईट वाटेल, पण खरं आहे.

शीतल नेमकं काय शिकते ते मी विचारलं होतं. ऊन, वारा, शेण, उसाचं चिपाड, कशापासून किती वीज निघते, वाटेत किती वाया जाते, साठवायची कशी, पुढच्यांना काय उरतं, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे घर चालवण्यासारखं." ती म्हणाली, "अगदी तसं नाही, आजी." मला वाटलं, पोरगी शिष्टपणा करते. पुढे तिला पानंच्या पानं गणितं करताना बघितलं तेव्हा कळलं, खरंच तसं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. आता लोड, इन्व्हर्टर, सबमिशन हे शब्द माझ्या तोंडात बसलेत. गाईड म्हणजे पुस्तक नव्हे, तिच्या मॅडम, हेही समजलं.

दुसऱ्या वर्षी तिला स्वतःचा प्रयोग करायचा होता. तिनं आपल्याच रानाचा विहिरीकडचा कोपरा दत्ताकडून मागून घेतला आणि तिथं लोखंडी सांगाड्यावर चार सोलर पॅनेल बसवली. खाली मेथी पेरली. दोन काचा नेमानं धुवायच्या, ते पाणी मेथीला जायचं. दोन काचांना हात लावायचा नाही, पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांवर धूळ बसू द्यायची. धुळीनं वीज किती घटते आणि आपल्यासारख्या पाण्याची ओढ असलेल्या मुलखात काच कधी धुणं परवडतं, हे तिला काढायचं होतं. दत्ता गावात सांगत फिरायचा, "पोरगी शिकून आली आन् धूळ राखाया लागली." लोक हसायचे. तोही हसायचा, पण कोपऱ्याभोवती कुंपण त्यानंच घातलं.

मग येळवस आली. शहरातल्यांना सांगावं लागेल. मार्गशीर्ष सरताना अमावास्येला आम्ही सगळे रानात जेवतो. कडब्याची कोप करून आत चुना लावलेले पाच दगड मांडतो, त्यांची पूजा करतो. भज्जी, उंडे, धपाटे आणि मडकंभर आंबील, म्हणजे ताकातली ज्वारीची पेज, असते. पूजा झाली की घरातला एक माणूस मडकं घेऊन सगळ्या रानाला फेरी घालतो, हाक देत देत आंबील शिंपतो. एकही कोपरा सोडायचा नाही. सोडला तर तेवढं रान टाकलं असं धरतात. आमच्याकडे हे काम भाऊजींचं, म्हणजे काशीच्या मालकांचं.

आम्ही कोपीत पानं मांडत होतो. भाऊजी फेरी घालून आले आणि मोठ्या खुशीत म्हणाले, "शीतल, तुझ्या काचांना भरपूर आंबील दिली बग. चारीच्या चारी."

शीतल उठून पळाली. मी मागून गेले. काचांवर आंबिलीचे ओघळ पडले होते, पण आता ते दिसेनात, कारण काशी ओल्या फडक्यानं शेवटची काच पुसत होती. बाकीच्या तीन लखलखत होत्या.

"काकीआजी, काय केलंत वो!"

"आगं, डाग पडत्याल की काचंला. किती घाण बसली हुती!"

"नाना, तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही?"

"हात कुटं लावला? लांबनं शिंपली," मागोमाग आलेले भाऊजी म्हणाले. "सगळ्या रानाला जेवाया घालायचं आन् तुजाच कोपरा उपाशी ठिवायचा व्हय?"

 शीतलला त्यांच्यावर रागावायचंही होतं आणि ते जमतही नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. दुसऱ्यांनी आधी छापलेले आकडे घेऊन त्यांवर लिही आणि वेळेत पास हो, नाहीतर पुढचा पावसाळा जाऊ दे आणि पुन्हा धूळ बसव, म्हणजे वर्ष वाढेल. शीतलला पुन्हा करायचं होतं. आपल्या मुलखातल्या धुळीचे आकडे तिला हवे होते.

हे कळल्यावर दत्ता मोटारसायकलवर सोलापूरला आला. बूट न काढता दारातच बोलायला लागला.

"दुसऱ्याचं आकडं घ्यायचं की. पास म्हंजी पास. पावनं किती दिस थांबत्याल?"

शीतल खाली बघत होती. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या रानातली ज्वारी आपली म्हणून बार्शीच्या आडतीला नेशील का रं?"

"त्याचा हितं काय संबंद?"

"नसंल. पर पोरगी न्हाय म्हणतीया, आन् मी हितनं हलत न्हाय. पावनं थांबलं तर बरं, न्हाय थांबलं तर जाऊ देत."

"गावात काय सांगू मी?"

"सांग, म्हातारी ऐकत न्हाय."

तो चहा न घेता गेला. मुलाकडचे थांबले नाहीत, त्यांनी दुसरीकडं जमवलं. शीतलनं त्या मुलाला एकदाच बघितलं होतं. तिला काही वाटलं नाही. दत्ता मात्र चार-सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होता.

पावसाळा संपला, धूळ पुन्हा बसायला लागली आणि परत येळवस आली. काशी, तुला आठवतं. तू हात मागं बांधून उभी होतीस, पुसायचा मोह नको म्हणून. भाऊजी हाक देत फेरी घालत आले आणि कुंपणापाशी थांबले. शेजारच्या रानांतले लोक जेवण सोडून बघत होते.

"शीतल, हितं काय करू?" त्यांनी विचारलं.

"नको, नाना."

त्यांची हाक बंद झाली. मडकं हातानं झाकून ते कुंपणाला लांबून वळसा घालत गेले, पलीकडं पोचले आणि मग पुन्हा हाक द्यायला लागले. कोपरा कोरडा राहिला. लोक काय बोलले ते मला नंतर कळलं, इथं लिहीत नाही.

जेवताना ते शीतलला म्हणाले, "आता नापास झालीस तर बग. माज्या बापानं कदी सोडला न्हाय त्यो कोपरा मी सोडलाय."

"नाही होणार, नाना," ती म्हणाली आणि तिनं भज्जी दुसऱ्यांदा मागून घेतली.

उन्हाळ्यात ती पास झाली. आता विद्यापीठातच पुढं पीएचडी करते. दत्ताला त्याचा अर्थ नीट माहीत नाही, पण गावात तोच सांगत असतो.

तू म्हणतेस, आता तरी घरी ये. गाव माझं घर नाही असं मी म्हणणार नाही. त्या घरात लग्न होऊन आले, नवरा तिथंच गेला, पण भाऊजी हाक थांबवून त्या कोपऱ्याला वळसा घालत होते तेव्हा ते मला जितकं घर वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं. राहायला मात्र मी येणार नाही. येळवशीला येईन, जेवेन आणि निघेन. परवा नळाला पाणी आहे. शीतल तिच्या प्रयोगशाळेत असेल, आणि पाणी भरायला घरी कुणीतरी पाहिजे.