टोक नसलेली दोरी

पेटीची गोष्ट सांगतो म्हटलं का लोक पयले सरकून जवळ बसतात. कापसाचे दिवस, गोरा साहेब, सागवानी पेटी. म्हणजे आत मोहरा असतीन, नाई तं मुडदा. तुमाले बी तसंच वाटलं असन तं आताच सांगून ठेवतो, त्या पेटीत काहीच नव्हतं. खरं म्हणजे पेटीच नव्हती. नुसतं झाकण होतं, दीड हात लांब अन हातभर रुंद. पण त्या झाकणापायी आमच्या घरात कोणाचा कोणावर भरोसा राहिला नाई.

मी हिवरखेडचा. अकोटले मराठी शाळेत शिकलो. एक दिवस मास्तरनं घरी येऊन सांगतलं का पोराचं शिक्षण झालं, आता पुरे. कारण मी मास्तरचा खोकला मास्तरपेक्षा चांगला काढत होतो. मंग मायनं मले अमरावतीले मामाकडं लावून देल्लं, सुतारकी शिकाले.

मामा नक्षीचा सुतार. त्या सालात ज्याच्या वावरात कापूस होता त्याले दारावर मोर पाहिजे होता, चौकटीवर कमळ पाहिजे होतं, अन बंडीवर पोपट. मामाच्या पटाशीले उसंत नव्हती. मी मात्र हातापेक्षा तोंड जास्त चालवत होतो. गिऱ्हाईक गेलं का त्याची चाल, त्याचा आवाज, त्याचं नाक ओढणं, सारं मामीले करून दाखवायचो. मामी पदरात तोंड घालून हसे अन मंग म्हणे, "या तोंडापायी एक दिवस मार खाशीन."

मामाची पोरगी, माही ताई, पयल्या बाळंतपणाले चांदूर बाजारहून माहेरी आली होती. नववा लागला होता.

तशात तो साहेब आला. गावाबाहेर कापसाचे गठ्ठे दाबायचा लोखंडी पेच बसवून राहिला होता, तो. केस लाल, मानेची कातडी उन्हानं सोललेली. मामा म्हणे, "या अंग्रेज साब." तं तो दारातच थांबला.

"हम अंग्रेज नहीं," म्हणे.

त्याचा मुलूख अंग्रेजाच्या वरच्या अंगाले, समुद्राच्या काठी. भाषा वेगळी, देव वेगळे, भुतं वेगळी. हे त्यानं मोडक्या हिंदीत सांगतलं. मामानं मान हलवली, पण तो गेल्यावर मले म्हणे, "गोरा हाये अन अंग्रेज नाई म्हणते. काहीतरी लपवून राहिला हा."

साहेबानं एक कागद आणला होता. त्याले त्याच्या मायले पेटी धाडायची होती. लाकूड आपलं, नक्षी तिच्या गावची. पयले नुसतं झाकण कोराचं, ते पसंत पडलं तं मंग पेटी. कागदाच्या चारी बाजूनं दोरीचं विणकाम होतं. कोपऱ्यात लांब मानेचे पक्षी, आपलाच पाय आपल्या चोचीत धरलेले. अन मधात एक बाई, केस मोकळे, पायाशी तिनं उतरवून ठेवलेली कसली तरी कातडी.

मामानं दोरीवर बोट ठेवलं अन टोक शोधाले लागला. बोट फिरत फिरत जिथून निंगालं तिथंच आलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा तिथंच.

"हिले टोक काहून नाई?" मामानं इचारलं.

साहेब हसला. त्यानं आपलं बोट ठेवलं अन गाठी गाठीवर पुटपुटत गेला, "ऊपर, नीचे. ऊपर, नीचे." दोरी एकदा वरून जाते, एकदा खालून. एक चुकली का सारी वीण चुकली. अन टोक नसते, कारण त्याच्या मुलखात मानतात का अशी गाठ कधी सरत नाई.

मंग मामानं बाईकडं बोट केलं. साहेबानं तिची गोष्ट सांगतली. समुद्रातलं जनावर, कातडी उतरवून बाई होते अन काठावर नाचते. एका मासे धरणाऱ्यानं तिची कातडी चोरून पेटीत लपवली, तिच्याशी लगन केलं. लेकरं झाले. एक दिवस तिले पेटीत कातडी सापडली, तिनं ती पांघरली अन समुद्रात निंगून गेली.

"मंग?" मामा म्हणे.

"बस," साहेब म्हणे.

मामाले ती गोष्ट काही पटली नाई. लेकरं टाकून जाणारी बाई पेटीवर कोरायची, अन ती बी मायले धाडायची. पण काम त्यानं घेतलं, कारण त्या दोरीनं त्याले धरलं होतं. चौथ्या दिवशी एक दोरी दोनदा वरून गेली तं त्यानं ते फळकूट मोडून चुलीत घातलं अन नव्यानं बसला. जेवताना भाकरीवर बोट फिरवे. मामी मले हळूच म्हणे, "तुह्या मामाले काही केलं तं नाई ना रे त्या साहेबानं?"

मले तेवढंच पाहिजे होतं.

कापसाच्या बाजारात तवा वजनासाठी गाड्यांची रांग लागे. गाडीवान दोन दोन दिवस बसून राहत, बैलाशी बोलून बोलून कंटाळत. मी तठी जाऊन साहेब झालो. डोक्याले लाल फडकं गुंडाळलं, मान ताणली, हवेत बोट फिरवलं. "ऊपर, नीचे. ऊपर, नीचे." लोक हसले. पण हसणं थांबलं का ते म्हणत, मंग? अन माह्याजवळ मंग नव्हतं. तं मी बाईची गोष्ट घातली. साहेबाच्या तोंडातून ती फार लवकर सरत होती म्हून थोडी वाढवली. कातडी समुद्रातल्या जनावराची ठेवली तं कोनी भेत नाई, कारण आमच्याकडं समुद्र कोणी पाह्यला? म्हून मी ती बाईचीच केली. साहेब मंतर म्हणते, दोरीची गाठ बसते, बाईची कातडी पेटीत जाते अन बाई जागच्या जागी बांधल्या जाते. एक म्हातारा गाडीवान जागेवरून उठून दुसरीकडं जाऊन बसला. मले त्या दिवशी फार बरं वाटलं.

आठ दिवसांनी माही गोष्ट आमच्याच दारात आली, सुईणीच्या तोंडून.

ती ताईले पाहाले आली होती. ओसरीवर झाकण भिंतीले टेकून ठेवलं होतं, झालंच होतं जवळजवळ. ते पाहून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"हे तेच का?" तिनं मामीले इचारलं.

"काय तेच?"

"पेचवाल्या साहेबाचं. बाया बांधून ठेवते म्हंतात तो. आख्ख्या बाजाराले माहीत हाये, तुमाले नाई?"

मामीनं मामाकडं पाह्यलं. मामानं झाकणाकडं पाह्यलं. मी रंध्याकडं पाह्यलं.

आता आमच्याकडची रीत तुमाले माहीत असन. बाई अडू नये म्हून बाळंतपणाच्या घरात गाठ ठेवत नाई. सुईण त्याच दिवशी घरभर फिरली. रिकाम्या बाजेची दोरी सैल केली, गाईचं दावं सोडलं, बरणीचं फडकं सोडलं, मामीचा बुचडा सोडाले लावला, कडीचं कुलूप काढून मामाच्या हातात देल्लं. अन मंग झाकणासमोर येऊन उभी राह्यली.

"हे कोन सोडन?" म्हणे. "शंभर गाठी अन टोक एक बी नाई. हे घरात हाये तवर बाळंतपणाले मी आत पाय ठेवत नाई."

"लाकूड हाये ते," मामा म्हणे.

"तं जाळा."

मामानं झाकण उचललं अन आपल्या खाटेखाली ठेवलं. तवापासून घरात जो तो दुसऱ्यावर नजर ठेवाले लागला. मामी चुलीजवळ गेली का मामा खाटेखाली वाकून पाहे. मामा पटाशी घेऊन बसला का मामी ओठातल्या ओठात देवाचं नाव घेऊन मोठ्यानं भांडे आपटे. अन ताई, जिले साऱ्यात जास्त बोलाची सवय, ती बोलेनाशी झाली. भिंतीकडं तोंड करून पडून राहे. मी पाणी द्याले गेलो तं मले म्हणे, "ते रातचं हलते का रे खाटेखाली?"

तवा सांगाले पाहिजे होतं. नाई सांगतलं. खोटं कायले बोलू, तवर मलेच शंका याले लागली होती. मी ते बनवलं होतं हे मले माहीत होतं, तरी त्या पक्ष्यांचे डोये मले चांगले वाटत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईले कळा सुरू झाल्या. सुईण आली अन अंगणात बसली. उन्हं ओसरीवर चढले तरी तशीच बसून. आतून ताईचा आवाज येत होता अन मामी उंबऱ्यात हात जोडून उभी होती.

"मावशी, पाया पडतो, आत या," मी म्हटलं. "ते सारं खोटं हाये. मी बनवलं. बाजारात मीच सांगतलं होतं."

सुईणीनं मले वरून खाली पाह्यलं.

"ही कोनाची नक्कल हाये?" म्हणे.

"नक्कल नाई, खरंच सांगून राहिलो."

"चांगली करते पोट्टा," ती मामीले म्हणे. "रडतेबी खऱ्यावानी."

मामीनं सुद्धा माह्याकडं तसंच पाह्यलं. मी जितकं गयावया केलं तितकं ते नाटकावानी दिसाले लागलं. माह्याच कानाले ते खोटं वाटून राह्यलं होतं.

मामा उठला. खाटेखालून झाकण काढलं, उन्हात आणलं, सुईणीसमोर ठेवलं. पटाशी घेतली. मले वाटलं आता मधातून फाडते. पण त्यानं एका कोपऱ्यातली, पक्ष्याच्या पायाजवळची, एकच दोरी निवडली अन तिले कापलं. नुसतं कापलं नाई. दोन टोकं नीट केली, दोरी तुटल्यावर पीळ कसा उकलतो तसा एकेक धागा बारीक कोरला. आतून ताई ओरडत होती अन मामा लाकडावरून नजर काढत नव्हता. मंग तो बाजूले झाला.

"पाहा," म्हणे. "सुटली."

सुईणीनं त्या टोकावर अंगठा फिरवला. उठली, हात धुतले अन आत गेली. दुपार कलायच्या आत पोरगी झाली. गाठीनं अडलं होतं का अंगणात बसलेल्या सुईणीपायी, ते मले माहीत नाई. मले शंका हाये, पण माह्या शंकेले आता घरात कोणी इचारत नाई.

पाचवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब झाकण न्याले आला. मामानं कोपऱ्यावर हात ठेवून झाकण पुढं केलं. साहेबानं आपलं बोट दोरीवर ठेवलं. ऊपर, नीचे. ऊपर, नीचे. मामाच्या हातापाशी बोट थांबलं. मामानं हात उचलला.

साहेबानं त्या टोकाकडं पाह्यलं, मंग मामाकडं. मंग मामानं जसं झालं तसं सांगतलं.

"बेटी अच्छी है?" साहेबानं इचारलं.

"अच्छी है."

"हमारी माँ भी," साहेब म्हणे. "गाँव में किसी को बच्चा हो तो माँ सब गाँठ खोलती थी. सब ताला. बाप का जाल भी. बाप बहुत गाली देता था."

त्यानं झाकण काखेत घेतलं, तसंच, तुटलेल्या दोरीसकट. जाता जाता वळला अन मामाले सांगाले लागला. पेचावरचे मजूर येणं बंद झाले होते. त्याच्या पेटीत बाईची कातडी हाये म्हंतात. अन बाजारात कोणीतरी त्याच्या आवाजात बोलते. कोन असन, मिस्त्रीले काही माहीत हाये का?

मामानं मान माह्याकडं वळवली.

मले करून दाखवा लागलं, त्याच्यासमोर, फडकं न बांधता. साहेबानं शांतपणे आयकलं अन मामाले इचारलं, "हम ऐसा बोलता है?"

"थोडंसं," मामा म्हणे.

"कल पेच पर आना," साहेब मले म्हणे. "यही आवाज में सबको बोलना, पेटी खाली है."

तो गेला. मामा काही बोलन म्हून मी वाट पाहत राह्यलो, तं आवाज आतून आला, दाराआडून. ताईचा.

"सारं आयकलं मी," म्हणे. "तीन दिवस मी कूस बदलली नाई. वाटे, हलली का गाठ आवळते. पोटातल्या लेकराले म्हणत होती, राहू दे बाई, येऊ नको. हे तुह्यानं. अन तू खरं सांगतलं तवा कोनाले खरं वाटलं नाई, हे बी तुह्यानंच. तोंड वाकडं करू नको तठी, मले दिसत नाई तरी समजते. सुईणीनं सोडल्या तेवढ्या साऱ्या गाठी आता तू बांधशीन. बाजेची बांध, बरणीची बांध, दावं बांध, गाय आठ दिवस झाले शेजारचा कूड खाऊन राहिली. अन बांधून होईलोक आवाज काढू नको. साहेबाचा नाई, माहा नाई, तुहाबी नाई."