ताईच्या रक्तात काहीच नव्हतं

पवनेच्या धरणाचं काम चालू होतं, त्या वर्षांत मी लोणावळ्यातल्या एका लहान इस्पितळात रक्त तपासायचं काम करत होते. काचेवर थेंब पसरायचा, जांभळा रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली धरून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यांत कोणत्या जातीच्या किती ते कागदावर लिहायचं. रोगाशी लढणाऱ्या पेशी, असंच आम्हाला शिकवलं होतं. आई-वडील गेल्यापासून मी आणि माझी मोठी बहीण तुंगार्लीत एका बंद बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. ताई शाळेत गणित शिकवायची.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आली आणि दारातच थांबली.

"दिवा कुणी घालवला गं?"

दिवा लावलेलाच नव्हता. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं.

"ताई, आठ वाजलेत."

तिने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. "उजव्यात काही नाही. नुसतं राखाडी."

मी तिला पाटावर बसवलं. अर्ध्या तासात डोळा पहिल्यासारखा झाला. तिने वेणी घातली आणि ती शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वर्षापूर्वी तो डोळा दुखून तीन आठवडे अंधुक झाला होता आणि मग आपसूक बरा झाला होता. आता दुखत नव्हता, लालही नव्हता. पण बंबातलं कढत पाणी अंगावर घेतलं की दिसेनासं व्हायचं. पुढे पुढे पायही लुळे पडू लागले. एकदा ती न्हाणीतून भिंतीला धरून सरकत आली.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी यायच्या. तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतल्या, लेकीकडे येऊन राहिलेल्या. त्यांनी हे पाहिलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बाई, त्या न्हाणीत जाऊ नका. हितं कायतरी हाय. वाफ झाली की त्ये जागं व्हतं."

"मावशी, अशक्तपणा आहे तिला," मी म्हटलं.

"अशक्तपना न्हाई. आमच्या वाडीत बी एक व्हती. चुलीफुडं बसली की तिचं पाय जायचं. सावलीत निजवली की उठायची. लय बगितलंय मी."

मी हसले. त्याच संध्याकाळी ताई वह्या तपासत होती. तिने मान खाली घातली आणि दचकून पेन टाकलं. "पाठीतून विजेसारखं काहीतरी गेलं. पार टाचेपर्यंत." तिने पुन्हा मान वाकवून पाहिली. पुन्हा गेलं. मी समोर बसले होते आणि तिच्या चेहऱ्यावर ते येताना आणि जाताना मला दिसत होतं. दोन खोल्यांत आम्ही दोघीच होतो, तरी त्या वेळी तिसरं कुणी असल्यासारखं वाटलं. मी उठून मधलं दार उघडं टाकलं.

मी तिचं रक्त घेतलं. शंभर पेशी मोजल्या, मग आणखी शंभर. सगळं जिथल्या तिथे होतं. एवढं चांगलं रक्त मी त्या महिन्यात पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सुदुंबऱ्याचा एक शेतकरी आला होता. तिशीचा असेल. हिरड्यांतून रक्त यायचं आणि दंडावर कुठे न आपटता काळेनिळे डाग पडले होते. त्याची काच पाहिली आणि मी डोळा मागे घेतला. सगळीकडे पांढऱ्या पेशी होत्या, मोठ्या, कच्च्या, एकीसारखी दुसरी. मोजायची गरजच नव्हती. तो बाहेर बाकावर बसला होता.

"ताई, रगत बरं हाय न्हवं?"

"डॉक्टर सांगतील, भाऊ," मी म्हटलं. तो हसला. तीन आठवड्यांनी तो गेल्याचं कळलं. ल्युकेमिया.

तो गेला, तरी त्याचा रोग निदान काचेवर दिसला होता. ताईची काच मी रोज काढायचे आणि त्यात काही दिसायचं नाही.

इकडे मावशींनी माझं न ऐकता बंब विझवला आणि ताईला थंड पाण्याने आंघोळ घातली. पौषातल्या थंडीत ताईचे दात वाजत होते. पण डोळा गेला नाही, पायही गेले नाहीत. आठ दिवस काही झालं नाही. "निजलंय त्ये आता," मावशी म्हणाल्या. या वेळी मला हसू आलं नाही.

आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मी ताईला पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नर्सला टबात गरम पाणी भरायला सांगितलं आणि ताईला त्यात बसवलं. शेजारी स्टुलावर ते घड्याळ घेऊन बसले.

"आता बोटं मोजा."

"तीन. तीन." थोड्या वेळाने ती म्हणाली, "बोटं कुठे आहेत?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "आलं." त्यांना आनंद झाल्यासारखा वाटला मला. डॉक्टर, नर्स आणि मी, आम्ही तिघांनी मिळून ताईला उचललं, तेव्हा तिचे पाय ओल्या कपड्यासारखे लोंबत होते.

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. तारेवर रबर असतं तसं मज्जातंतूंवर आवरण असतं, ते जागोजागी झडतं, आणि उष्णता लागली की तिथून निरोप पुढे जात नाही.

"कोण झडवतं?" मी विचारलं.

"नक्की माहीत नाही. पण बऱ्याच जणांचा संशय आहे की शरीराच्याच पांढऱ्या पेशी."

"मी मोजल्या आहेत, डॉक्टर. सगळ्या ठीक आहेत. परवा ल्युकेमियाचा एक शेतकरी आला होता, त्याच्या पेशी बघताच कळलं होतं."

"तुमच्या त्या शेतकऱ्याच्या पेशी बिघडलेल्या होत्या, म्हणून तुम्हाला दिसल्या. हिच्या बिघडलेल्या दिसणार नाहीत. त्या आपलं काम करताहेत, फक्त घरच्यांवरच."

घरी आल्यावर मावशींना टबाचं सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या, "मुद्दाम बोलावलं व्हय त्याला? मुद्दाम?"

त्यानंतर मला ते काम नीट करता येईना. लिम्फोसाइट नावाची एक पेशी असते, लहान, गोल, सगळी गडद. दिवसाला शेकड्यांनी नजरेखालून जायच्या. आता एखादी समोर आली की मी थांबायचे. हीच आत शिरत असेल का? एका दुपारी मी माझं बोट टोचून काच केली. माझ्या पेशी आणि ताईच्या पेशी शेजारी शेजारी ठेवल्या. काचांवर मी नावं घातली नव्हती, आणि थोड्या वेळाने कुठली कुणाची ते मला सांगता येईना.

रविवारी ताई म्हणाली, "मला दाखव त्या."

मी तिला इस्पितळात नेलं. तिने चांगला डोळा लावला आणि काच हळूहळू सरकवत पाहत राहिली.

"किती नीटनेटक्या आहेत गं," ती म्हणाली. "यांना माहीत असेल का, मी कोण ते?"

मी काच काढून घेतली.

चार वर्षं ती काठी घेऊन शाळेत गेली. गोळ्या, इंजेक्शनं झाली. मध्ये सात महिने तर ती काठीशिवाय चालत होती आणि आम्ही दोघी ते मोठ्याने बोलायचं टाळत होतो. मग एका श्रावणात, गारठ्यात, गरम पाण्याचा काही संबंध नसताना पाय गेले. मावशी उशाशी बसून राहिल्या. त्या म्हणाल्या, "आता त्याला वाफ लागत न्हाई." पाय परत आले नाहीत.

शाळेतल्या मुली शिकायला घरी येऊ लागल्या. ताई खाटेवरून गणित सांगायची आणि मी फळ्यावर लिहायचे. माझं चुकलं की ती न बघता ओळखायची. तीन वर्षं तो वर्ग चालला. मग तिची जीभ जड होऊ लागली. मुलींना आकडे कळेनासे झाले, तेव्हा तिनेच हाताने खूण केली, पुरे.