पन्नास माणसं पाहिजेत

भरलेल्या स्टँडमध्ये किस्से घडत नाहीत. तिथे लोक मॅच बघतात. स्टँड रिकामा असला की लोक एकमेकांकडे बघत बसतात, आणि मग दर शनिवारी एखादा तरी किस्सा घरी येतो. गेल्या सीझनमध्ये आमच्याकडे इतके किस्से साठले की कुणी चहाला आलं की माझी बायको मेधा दारातच सांगते, "त्याला फुटबॉलचं विचारू नका."

तुम्ही विचारलंतच, तर ऐका.

आम्ही नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेला राहतो. मी बावीस वर्षांपूर्वी इथे पीएचडीला आलो आणि मग लॅबमध्येच चिकटलो. आमची मुलगी इरा इथल्या एका कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, तशी मला तंबी आहे. ती राहते गावाच्या दुसऱ्या टोकाला, चार मैत्रिणींबरोबर. मॅच आपल्या ग्राउंडवर असली की संपल्यावर ती आमच्याकडे जेवायला येते. मॅच बाहेरगावी असली की टीमबरोबर तिकडेच जेवते. बाकी आठवडाभर आम्हाला तिच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त अंगठे येतात.

म्हणजे आमच्या घरी होम मॅच म्हणजे वरणभात, तूप आणि इरा. मी पुढे वेड्यासारखा का वागलो त्याचं कारण एवढंच आहे.

*

सुरुवात एका ईमेलने झाली. कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसमधल्या मरायके बाईंनी टीमला कळवलं की होम मॅचला येणारे प्रेक्षक दर वर्षी कमी होताहेत, आणि रिकाम्या बाकांसाठी मेन ग्राउंड अडवून ठेवण्यात अर्थ नाही. सीझनच्या शेवटच्या होम मॅचला त्या स्वतः येतील. पंच्याहत्तराव्या मिनिटाला स्टँडमध्ये पन्नास माणसं दिसली तर ग्राउंड राहील. नाही दिसली तर मुलींनी कालव्यापलीकडच्या मैदानावर खेळावं. तिथे स्टँड नाही, कॅन्टीन नाही, कपडे बदलायला एक कंटेनर आहे.

हे इराने आम्हाला जेवताना सांगितलं. "निम्म्या मुली सोडून जाणार, बाबा. टीमच राहणार नाही. मग मी मास्टर्सला युट्रेख्टला जाईन. तिथे चांगला क्लब आहे." आणि तिने लोणचं मागितलं.

माझा घास तोंडातच राहिला. मेधा म्हणाली, "युट्रेख्ट काय, दोन तासांवर तर आहे." दोन तासांवरून वरणभाताला कोण येतं, हे मी बोललो नाही. पण मला भीती वाटली, खरंच वाटली.

टीमच्या पुढच्या मीटिंगला जाऊन मी प्रेक्षक जमवायचं काम अंगावर घेतलं. त्यांनी मला एक नारिंगी जाकीट दिलं आणि अंगठ्याने दाबून माणसं मोजायचं एक छोटं यंत्र. पहिल्या मॅचला ते मी पंधरा वेळा दाबलं. त्यातला एक कुत्रा होता, तो नंतर वजा केला.

*

पहिला उपाय म्हणजे निमंत्रण. लॅबमधल्या डच लोकांना ईमेल केली आणि आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला.

डच लोकांची उत्तरं तासाभरात आली. बहुतेक नकाराची, पण सगळी सविस्तर. एकाच्या आजीचा वाढदिवस होता, एकाला कुंपण रंगवायचं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पीटरने लिहिलं, "निमंत्रणाबद्दल आभार. मला फुटबॉल आवडत नाही. या वर्षीच्या बाकीच्या मॅचेसनाही मी येणार नाही, म्हणजे तुला पुन्हा विचारायचा त्रास नको." तिघांनी येतो म्हणून कळवलं.

मराठी ग्रुपवर मात्र दिवाळी! "नक्की!" "येणारच!" "दादा, पोरींसाठी एवढं तर केलंच पाहिजे!" एकतीस जणांनी होकार दिला. मी मेधाला म्हणालो, "बाकं कमी पडतील बहुतेक."

शनिवारी ते तीन डच दोनच्या ठोक्याला हजर. मराठी माणसांतर्फे प्रसाद आला. प्रसाद जगताप आमच्या लॅबमध्ये पीएचडी करतो, मूळचा साताऱ्याचा. तो सत्तराव्या मिनिटाला आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दादा, सुरू झाली का?"

*

या प्रसादच्या डोक्यातून दुसरा उपाय निघाला. मॅच लाइव्ह दाखवायची. लोकांना आधी गोडी लागेल, मग ते आपोआप ग्राउंडवर येतील. मला पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं.

त्याने एका खांबाला मोबाइल बांधला आणि लिंक सगळीकडे पाठवली. झालं असं, की जे चौदा येत होते त्यांतले पाचजण घरी बसले. मेधासुद्धा! "अरे, कुकर लावला होता," ती म्हणाली. "आणि घरून छान दिसतं. इराचा चेहरासुद्धा दिसतो."

स्टँडमध्ये नऊ माणसं होती आणि लाइव्ह बघणारी एकशे दहा. त्यातले बरेच आमच्या ग्रुपवरचेच. मॅच चालू असताना खाली कॉमेंट येत होत्या. एकाने लिहिलं, "दादा, कॅमेरा जरा डावीकडे घ्या, रिकामी बाकं फार दिसतायत." आणि दुसऱ्याने, जो ग्राउंडपासून सायकलने सहा मिनिटांवर राहतो, लिहिलं, "कुणीच कसं जात नाही रे बघायला? वाईट वाटतं."

*

मग बटाटेवडे.

मेधाने आणि मी दीडशे वडे केले. ग्रुपवर जाहीर केलं, हाफ-टाइमला गरम वडे. त्या दिवशी मध्यंतराला माझं यंत्र अठ्ठावन्नवर गेलं. अठ्ठावन्न! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मेधाला म्हणालो, "जिंकलो."

वडे संपले. सेकंड हाफ सुरू झाला. मी सवयीने पुन्हा मोजलं तर अकरा.

पुढच्या वेळी शहाणपण केलं आणि वडे मॅच संपल्यावर ठेवले. लोक मॅच संपल्यावर आले. मी चिडचिड करायला लागलो तेव्हा मेधा कढई घासत म्हणाली, "आपल्या लग्नात अक्षतांना किती जण होते आणि पंगतीला किती, आठवतं का तुला?"

*

आता युपबद्दल सांगायलाच हवं. युप हा आमचा माइकवाला. रिटायर्ड माणूस, कॉलेजात पूर्वी वर्कशॉप सांभाळायचा. कोण खेळायला उतरलं, कोण बाहेर गेलं, गोल कुणी मारला, हे सगळं तो एका लाकडी खोक्यातून भारदस्त आवाजात सांगतो. एकदा तो मला म्हणाला, "स्टँडमध्ये नऊ माणसं आणि ग्राउंडवर बावीस. मी नक्की कुणाला सांगतोय?"

त्यानंतर त्याने पद्धतच बदलली. खेळाडूंऐवजी तो प्रेक्षकांचं स्वागत करायला लागला. "मेधा आल्या आहेत. तिसऱ्या बाकावर ऊन आहे, तिथे बसा." "निळ्या कोटातल्या बाई आज नवीन दिसतात. स्वागत आहे." लोकांना ते आवडलं. एक आजोबा नुसतं नाव ऐकायला दोनदा आत-बाहेर करून आले. मी त्यांना एकदाच मोजलं.

घोटाळा प्रसादचा झाला. तो नेहमीप्रमाणे उशिरा, खाली मान घालून शिरला, आणि माइकवर आवाज आला, "प्रसाद जगताप आले आहेत. एकोणतीस मिनिटं उशिरा." प्रसाद पुढचे दोन शनिवार आलाच नाही, आणि माझा एक माणूस कमी झाला.

*

तिसऱ्या शनिवारी तो आई-वडिलांना घेऊन आला. ते साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. काकूंनी दोन स्वेटर आणि वर शाल घेतली होती. त्या पायऱ्या चढून आल्या, रांगेनं रिकामी बाकं पाहिली, लांब लांब बसलेली सात-आठ गप्प माणसं पाहिली, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "कोण गेलं का ओ?"

जगताप काका रिटायर्ड हेडमास्तर. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, युट्रेख्टसकट. त्यांनी एकदा रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही बोलावलं कसं?"

"मेसेज टाकला, काका."

"मेसेजवर कोण येतंय व्हय? घरी जाऊन बोलवावं लागतं."

शेवटच्या मॅचला दोन आठवडे होते. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. काकांनी सूटकेसमधून कंदी पेढ्यांचे डबे काढले आणि आम्ही ग्राउंडजवळच्या गल्ल्यांतून घरोघर निघालो. काका दारात हात जोडायचे, मराठीत सांगायचे, मी डचमध्ये भाषांतर करायचो, आणि मग ते समोरच्याच्या तळहातावर पेढा ठेवायचे. माझी मान खाली. इथे न कळवता दारावर जाणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. पहिल्या घरातल्या बाईंनी दार न उघडता आतूनच सांगितलं, "आम्हाला आमचा धर्म आहे, धन्यवाद."

पण पाचव्या घरातल्या आजींनी पेढा खाल्ला. पुन्हा एक मागितला. मग आत गेल्या, डायरी घेऊन आल्या आणि विचारलं, "कधी आणि किती ते किती?"

"नव्वद मिनिटं," मी म्हणालो. "दोन ते साडेतीन."

त्यांनी पेनने लिहून घेतलं. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "वहीत लिहिलं म्हणजे येतील?"

"वहीत लिहिलं म्हणजे मेल्या तरी येतील, काका."

त्या दोन आठवड्यांत आम्ही साठ-सत्तर दारं वाजवली. ज्यांनी दार उघडलं त्यांनी डायरी काढली, आणि प्रत्येकाला मी तेच सांगितलं, दोन ते साडेतीन.

*

शेवटच्या मॅचच्या दिवशी मी सकाळपासून पावसाचं अ‍ॅप बघत होतो. मेधाने शेवटी फोन काढून घेतला. पण दोनला पाच कमी असताना ते आले. पाचव्या घरातल्या आजी उशी घेऊन, कुणी थर्मास घेऊन, एक जोडपं तर गुडघ्यांवर घ्यायला घोंगडी घेऊन. मराठी ग्रुपवरचेही काही आले, युपने नाव घेतलं तर लाज जाईल म्हणून वेळेवर आले. एकसष्ट माणसं झाली. मरायके बाई कागद घेऊन माझ्या शेजारी पायऱ्यांपाशी उभ्या राहिल्या. आम्ही दोघं ग्राउंडकडे पाठ करून स्टँड बघत होतो. सगळं अगदी छान चाललं होतं.

मध्यंतर झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंधरा मिनिटांची सुट्टी! ती मी धरलीच नव्हती. पंच्याहत्तरावं मिनिट साडेतीनच्या आत येणारच नव्हतं, आणि प्रत्येकाच्या डायरीत साडेतीन लिहिलं होतं, माझ्याच तोंडचं.

तीन पंचवीसला लोक घड्याळं बघायला लागले. तीन अठ्ठावीसला थर्मासची झाकणं लागली. साडेतीनला आजी उशी काखेत घेऊन उठल्या, आणि त्यांच्या मागे आख्खी रांग. आठजण तर भराभर निघूनही गेले. एकसष्टातून आठ गेले म्हणजे किती, हेही मला सुचेना. मला फक्त कालव्यापलीकडचा तो कंटेनर दिसत होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, पेढ्यांचा शेवटचा डबा उघडला, आणि आजींना मराठीत म्हणाले, "अशा कशा जाताय? तोंड गोड करा आधी." आजी थांबल्या. त्यांच्या मागची माणसं शिस्तीत रांग लावून थांबली. काका एकेक पेढा इतक्या सावकाश देत होते की मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

तीन बत्तीस. मरायके बाई पेन काढून मोजायला लागल्या. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे ग्राउंडवर शिट्टी वाजली. समोरचे सगळे एकदम उभे राहिले, रांगेतलेही वळले, मागची माणसं पुढच्यांच्या आड गेली. बाईंचं पेन हवेतच थांबलं. "मला दिसत नाहीयेत," त्या म्हणाल्या.

"बसा!" मी ओरडलो. "खाली बसा सगळे! मोजायचंय!"

कुणी ऐकेना. सगळे माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. मेधाने तोंडावर हात धरला होता. मग इतका आरडाओरडा झाला की तसा मी त्या स्टँडमध्ये कधी ऐकला नव्हता, आणि युपचा आवाज माइकवर फाटला, "पेनल्टी अडवली! इरा! इरा! इरा!" काका पेढ्यांचा डबा घेऊन नाचत होते, आणि मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो, "बसा हो! प्लीज बसा!"

हळूहळू बसले. मरायके बाईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आकडा लिहिला, खाली सही केली आणि कागद माझ्यासमोर धरला.

संध्याकाळी इरा जेवायला आली. केस ओले, कोपर सोललेलं, आणि तोंड सारखं हसरं. ताटावर बसण्याआधीच ती माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, मी आधी डावीकडे झुकले ना, ते मुद्दाम होतं. तू पाहिलंस?"

मेधा तुपाचा चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"त्रेपन्न," मी म्हणालो.