नऊ नव्हे

माणसे मोजताना ते म्हातारे कोंबडीपालक बोट रोखून म्हणत, "एक नव्हे, दोन नव्हे, तीन नव्हे." कोंबड्या मात्र सरळ मोजत. माणसाला आकडा लावला की दृष्ट लागते, अशी त्यांच्या ज्यू घराण्यातील समजूत होती.

ऐंशीच्या दशकात मी दक्षिण न्यू जर्सीत कोंबड्यांचा डॉक्टर होतो. त्यांचे खेडे माझ्या फेरीतले शेवटचे. रशियातील छळातून सुटलेल्या त्यांच्या आजोबांच्या पिढीने तिथले पाइनचे रान तोडून वाळूत द्राक्षे आणि रताळी लावली. वडिलांच्या पिढीने कोंबड्या पाळल्या. अंड्यांवर गाव उभे राहिले, प्रार्थनागृह बांधले गेले. पुढे मोठ्या कंपन्यांची स्वस्त अंडी आली. मुले शहरात वकील झाली, खुराड्यांची छपरे खचली. तुम्हीही अशी गावे पाहिली असतील. पाटीवर तेवढे नाव उरते.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. पत्नीच्या पुण्यतिथीला तिच्यासाठी प्रार्थना म्हणायची. त्यांच्या रीतीप्रमाणे या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष हजर लागतात. एक जरी कमी पडला तरी ती म्हणता येत नाही. आसपासच्या गावांतून माणसे यावीत म्हणून ते प्रत्येकाला डझनभर अंडी देत.

"ही लाच झाली," मी म्हणालो.

"लाच कसली? अंडी ताजी आहेत, डॉक्टर."

एका वर्षी नेमका त्याच दिवशी मी गेलो. त्यांनी मला प्रार्थनागृहातल्या मागच्या बाकावर बसवले आणि मोजणी सुरू केली. "आठ नव्हे, नऊ नव्हे." बोट माझ्यापाशी येऊन थांबले.

"मला मोजा," मी म्हणालो.

"तुमच्याकडे देव भरपूर, डॉक्टर. माझ्याकडे माणसे कमी. अदलाबदल होत नाही."

एकदोघे हसले. सूर्य मावळेपर्यंत ते दाराकडे पाहत राहिले. मग पुस्तक मिटून त्यांनी सर्वांना अंडी वाटली. उरलेला खोका माझ्या हाती दिला.

"तिला सांगेन, रस्ता खराब होता."

त्या हिवाळ्यात त्यांनी कोंबड्या विकल्या. पुढचा उन्हाळा सरण्यापूर्वी ते गेले.

दफनाला मुलगा कॅलिफोर्नियाहून आला. कबरीपाशी तीच प्रार्थना त्याने म्हणायची होती. त्याने माणसांवरून बोट फिरवले. "एक, दोन, तीन." सरळ मोजले. सातावर बोट थांबले. मी एक पाऊल मागे सरलो.

त्याने प्रार्थनेचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि फावडे उचलले. वाळू कोरडी होती. फावड्यावर ठरत नव्हती.